जंगलातलं एवढंसं घड्याळ

दोस्तांनो, एक कोडं सोडवा! पाच मित्र पाठीला पाठ लावून बसलेत. चौघं चार दिशांना बघतात. पाचव्याला जागाच नाही! मग तो काय करतो? चौघांच्या डोक्यावर चढतो आणि थेट आभाळाकडे बघतो!

ओळखलंत? ही मुलं नाहीत, फुलं आहेत! रोपाचं नाव मॉस्कॅटेल. इंग्लंडमधल्या ओलसर, सावलीच्या जंगलात ते जमिनीलगत उगवतं. वीतभरसुद्धा उंच नाही! पाच फुलांचा अख्खा झुबका लुडोच्या फाशाएवढा. आणि रंग? पिवळसर हिरवा! हिरव्या पानांत हिरवं फूल. लपाछपीत याच्यावर राज्य येणंच कठीण! शास्त्रज्ञ याला ‘अडोक्सा’ म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ, ज्याला कीर्ती नाही असा. बिच्चारं!

तिथले लोक मात्र लाडानं याला ‘टाउन हॉलचं घड्याळ’ म्हणतात. चौकातल्या मनोऱ्यावर चारही बाजूंना घड्याळं असतात ना? अगदी तस्संच!

आता खरी गंमत. गुडघ्यांवर बसा, भिंग घ्या आणि पाकळ्या मोजा! बाजूच्या फुलांना बहुतेक वेळा पाच-पाच पाकळ्या. चार पंचे वीस! वरच्या फुलाला मात्र चारच! वीस आणि चार किती? चोवीस! आणि दिवसाचे तास किती? चोवीस! योगायोगच हा, पण मला तर मोजताना टाळ्या पिटाव्याशा वाटतात!

मार्चमध्ये तिथली थंडी सरत असते. मोठी झाडं अजून बोडकी. म्हणजे जंगलाचं छप्पर उघडं, ऊन थेट जमिनीवर! हीच संधी साधून मॉस्कॅटेल कोथिंबिरीसारखी नाजूक पानं बाहेर काढतं. एप्रिलमध्ये घड्याळं फुलतात. दमट संध्याकाळी नाक जवळ न्या. कस्तुरीसारखा मंद वास! चिमुकल्या माश्या त्या फुलांवर येतात.

मे महिन्यात मोठ्या झाडांना भरगच्च पालवी फुटते. छप्पर बंद! खाली अंधार! पण आपल्या दोस्तानं तोवर उन्हात भरपूर अन्न बनवलेलं असतं. ते कुठे ठेवतं माहितीये? मातीखाली, आल्यासारख्या आडव्या, पांढऱ्या, इवल्या खोडात. डबा भरला, झाकण लावलं!

जूनच्या सुमाराला तिथे जा. पानं पिवळी पडून गेलेली, घड्याळ गायब! तुमच्या बुटाखालीच ते गुडूप झोपलेलं असेल, थेट पुढच्या वसंतापर्यंत!