पाणी आलं की पाय जपा

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी घरातल्या टाक्या, पिंपं, घागरी भरायची घाई, मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत ओल आणि त्यातून वाट काढणारे आजी-आजोबा. गुळगुळीत झालेली ओली शहाबादी फरशी तरण्या माणसालाही घसरवते. म्हणून पाणी भरण्याचं काम नातवंडांकडे द्यावं आणि पिंपं येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी ६,८४,००० माणसं दगावतात, त्यात सर्वाधिक साठीपुढची. पण दोष नेहमी फरशीचाच नसतो. अंथरुणातून एकदम उठलं की रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांनी हे वाढू शकतं. आधी काठावर बसावं, पाय हलवावेत, मग उठावं. गोळ्या मात्र मनानं बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं. नजर धूसर असली तरी तोल जातो, म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशनही ‘उन्हाळा सरू दे’ म्हणत लांबवू नये.

सगळ्यात उपयोगी गोष्ट फुकटची आहे, ती म्हणजे व्यायाम. ओटा धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या नियमित व्यायामानं पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं. ‘पडाल, बसून राहा’ हा घरच्यांचा प्रेमळ सल्ला म्हणूनच घातक. बसून पाय आणखी दुबळे होतात.

मोरीत दांडी बसवा, पण भिंतीत पक्की. टॉवेलची दांडी भार पेलत नाही.