चौकट : चंद्रपूर-गडचिरोली पडद्यावर उभारताना

आभासी गोल्फ मैदान असो की ताडोबाची संगणकावरची सफर, जमिनीची उंची बहुधा एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार-मोजणीच्या मोफत मिळणाऱ्या नोंदींतून घेतली जाते. ‘एन्डेव्हर’ यानाने फेब्रुवारी २००० मधल्या ११ दिवसांच्या मोहिमेत त्या रडारने टिपल्या. दाट साग-बांबूत हे रडार जमिनीपर्यंत पुरते पोचत नाही. म्हणून पडद्यावर जंगलाच्या कडेला नसलेला बांध उभा राहतो. आधी झाडांची उंची वजा करावी, मगच उतार गुळगुळीत करावा. दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणींसाठी मात्र या नोंदींवर विसंबूच नये. तिथले खड्डे आणि मातीचे ढिगारे २००० नंतर पार बदलले आहेत.

पाण्याची गोम वेगळी. या नोंदींत तलाव एका पातळीत सपाट केलेले आहेत आणि रुंद नद्या टप्प्याटप्प्याने उतरवलेल्या, त्यामुळे वैनगंगेत चक्क पायऱ्या दिसतात. पात्राला सलग उतार द्यावा आणि पाण्याचा थर वेगळा ठेवावा, म्हणजे उन्हाळ्यातली उघडी वाळूही दाखवता येते.

उजेड नकाशाच्या रिवाजाने वायव्येकडून सोडू नये, सूर्याच्या खऱ्या जागेवरून सोडावा. चंद्रपूर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्याअखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्याअखेरीपर्यंत भरदुपारचा सूर्य तिथे डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, एरवी दक्षिणेला.