गोवा फुटबॉल संघटना

गोवा फुटबॉल संघटना : गोवा राज्यातील फुटबॉल खेळाचे नियमन करणारी मध्यवर्ती संस्था. तिची स्थापना पोर्तुगीज अमदानीत २२ डिसेंबर १९५९ रोजी झाली. गोवामुक्तीनंतर (१९६१) ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी संलग्न झाली. गोव्याची फुटबॉलमधील कीर्ती मुख्यतः काही मोठ्या क्लबांमुळे देशभर पसरली. तथापि गावोगावचे हौशी क्लब हाच या संघटनेचा खरा पाया होय.

गोव्यात फुटबॉलचा प्रवेश १८८३ मध्ये झाला, असे सामान्यतः मानले जाते. प्रकृतिस्वास्थ्यासाठी शिवोली (बार्देश) येथे आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूने तेथील मुलांना हा खेळ शिकविला. हडफडे येथील सेंट जोसेफ विद्यालयासारख्या शाळांतून तो रुजला आणि चर्चच्या आवारातील मोकळ्या जागेत व भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या शेतांत खेळला जाऊ लागला. पॅरिश किंवा वाडा हाच संघाचा घटक असल्याने सामना हा दोन गावांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न ठरे. नोकरीनिमित्त मुंबईत गेलेल्या गोमंतकीयांनी आपापल्या गावांच्या नावे ‘कूड’ म्हणजे सामायिक निवासगृहे चालविली आणि त्यांबरोबर या खेळाची आवडही तेथे नेली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मुंबईच्या याच गोमंतकीय समाजातील खेळाडू होता.

संघटनेशी संलग्न असलेल्या क्लबांना तिच्या सर्वसाधारण सभेत मताधिकार असतो व त्यांतून कार्यकारिणी निवडली जाते. त्यामुळे एखाद्या लहान गावाच्या क्लबालाही कारभारात स्थान लाभते. खेळाडूंची नोंदणी व त्यांचे एका क्लबातून दुसऱ्या क्लबात होणारे स्थानांतर, सामन्यांचे वेळापत्रक, पंचांची नियुक्ती, शिस्तभंगाच्या प्रकरणांचा निवाडा व राज्यसंघाची निवड ही संघटनेची प्रमुख कामे होत. साखळी सामने श्रेणीवार घेतले जातात. खालच्या श्रेणीतील यशस्वी संघाला वरच्या श्रेणीत बढती मिळते, तर तळाच्या संघाची पदावनती होते. कुंकळ्ळी, कुडचडे, कळंगुट, वेळसांव इ. गावांचे क्लब याच मार्गाने पुढे आले. कुमारांसाठी वयोगटांनुसार वेगळ्या स्पर्धा असतात. राज्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाच्या सुवर्ण करंडकासाठीही संघटनेने स्पर्धा भरविल्या.

खाणमालक व उद्योगसमूहांच्या आश्रयामुळे गोव्याच्या फुटबॉलला वेगळे वळण लागले. वास्को क्लब १९५१ मध्ये व साळगावकर क्लब १९५६ मध्ये स्थापन झाला. १९६० नंतर सेसा गोवा व धेंपो हे क्लब पुढे आले. या क्लबांनी गावांतील होतकरू खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. त्यामुळे नावाने हौशी असलेल्या खेळाडूला उपजीविकेची हमी मिळाली आणि प्रामुख्याने ख्रिस्ती वस्त्यांत रुजलेला हा खेळ साऱ्या गोमंतकीयांचा झाला. १९८० च्या दशकात भारताचे नेतृत्व करणारे गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर व त्यांच्यानंतरचे आघाडीवीर ब्रुनो कुतिन्हो हे अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले.

राज्यसंघाने संतोष करंडक १९८२-८३ (बंगालसह संयुक्त), १९८३-८४, १९८९-९०, २००५-०६ व २००८-०९ या वर्षी जिंकला. राष्ट्रीय साखळी स्पर्धेत साळगावकरने १९९८-९९ मध्ये गोव्याला पहिले विजेतेपद मिळवून दिले. २००६-०७ ते २०१२-१३ या सलग सात हंगामांत धेंपो, चर्चिल ब्रदर्स व साळगावकर या तीन क्लबांपैकीच कोणीतरी राष्ट्रीय विजेता ठरला. धेंपोने २००८ मध्ये आशियाई महासंघाच्या चषक स्पर्धेची उपांत्य फेरीही गाठली. मडगावजवळील फातोर्डा येथील क्रीडागारात (१९८९) २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेचे काही सामने झाले.

या भरभराटीस पुढे ओहोटी लागली. २०१२ मध्ये राज्यातील लोहखनिजाचे खाणकाम थांबल्याने आश्रयदात्यांचे उत्पन्न घटले. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली व तीत एफसी गोवा हा नवा संघ उतरला. राष्ट्रीय साखळीच्या नियोजित फेररचनेत जुन्या क्लबांना दुय्यम स्थान मिळणार असल्याच्या निषेधार्थ २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी त्या साखळीतून अंग काढून घेतले. धेंपो क्लब पुढे २०२४-२५ च्या हंगामात तीत परतला. मधल्या काळात राज्यांतर्गत साखळीचे महत्त्व वाढले व तिचा भार मोठ्या प्रमाणात गावांच्या क्लबांनी वाहिला.

संघटनेपुढील जुना प्रश्न आंतरग्राम स्पर्धांचा आहे. रोख बक्षिसांच्या या स्पर्धांना मोठी गर्दी लोटते. पण त्यांतील अनेक स्पर्धा संघटनेच्या कक्षेबाहेर भरतात. नोंदणीकृत खेळाडूने अशा स्पर्धेत विनापरवाना खेळू नये, असा दंडक आहे. त्यामागे खेळाडूला होणारी इजा, पंचांचा दर्जा व करार यांचा विचार असतो. उलट ज्या गावाने खेळाडू घडविला त्याच्यासाठी त्याने वर्षातून एकदाही खेळू नये, हे ग्रामस्थांना रुचत नाही. दुसरा प्रश्न मैदानांचा. शेते व मोकळ्या जागा बांधकामाखाली जात असल्याने, ज्या शेतांत हा खेळ वाढला तीच दुर्मिळ होऊ लागली आहेत. म्हापसे येथील धुळेर मैदानासारखी कृत्रिम हिरवळीची मैदाने सामन्यांना सोयीची असली, तरी गावातील मुलांच्या रोजच्या खेळाची गरज ती भागवू शकत नाहीत. नवे खेळाडू याच मुलांतून येत असल्याने, गावातील मैदान राखणे हे साखळी सामने भरविण्याइतकेच संघटनेच्या हिताचे आहे.