एकच दालचिनी, गंध मात्र अनेक

पुण्यात थंडीची चाहूल लागली, की घरोघरी चहात दालचिनीचा तुकडा पडू लागतो. सर्दीपासून मधुमेहापर्यंत अनेक तक्रारींवर तिचे नाव सुचवले जाते. अलीकडे तिच्या तेलाच्या छोट्या बाटल्याही ज्येष्ठांच्या उशापाशी दिसू लागल्या आहेत. परंतु दालचिनी म्हणून जे हाती येते, ते प्रत्येक वेळी सारखेच असते का? याचे उत्तर झाडापाशीच शोधावे लागते.

दालचिनी हा मुळात श्रीलंका व दक्षिण भारतातील दमट, सदाहरित अरण्यांतला वृक्ष. सह्याद्रीच्या रानांत त्याचे भाईबंद आजही आढळतात. कीटक व बुरशी यांपासून बचाव करण्यासाठी असे वृक्ष सुगंधी तेले निर्माण करतात आणि ती सूक्ष्म तेलपेशींत साठवतात. विशेष म्हणजे दालचिनीच्या एकाच झाडाच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, पानांत लवंगेत असते तेच युजेनॉल आणि मुळांच्या सालीत कापूर हे द्रव्य प्रमुख असते.

मातीचा व हातांचा वाटा

झाड कुठे वाढले, यावरही गंध ठरतो. श्रीलंकेतील निगोंबोच्या पांढऱ्या वाळूत वाढलेली दालचिनी सर्वांत मधुर मानली जाते. पाणी साचणाऱ्या जमिनीतील साल कडसर व कमी सुवासिक निघते. म्हणूनच निचऱ्याची जमीन, भरपूर पाऊस, उष्ण व दमट हवा आणि थोडी सावली तिला मानवते. कोकणात हे सारे लाभते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ हे दालचिनीचे वाण विकसित केले, तर रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या छायेत दालचिनी, जायफळ व मिरी घेण्याची ‘लाखी बाग’ पद्धत रूढ केली.

पुढचा वाटा माणसाच्या हातांचा. कोवळ्या, सरळ फांद्यांची साल अलगद सोडवून ती सावलीत वाळवतात, कारण कडक उन्हात तेल उडून जाते. जुनी, उघडी राहिलेली पूड फिकी लागते, तीही याच कारणाने.

वाढीच्या ठिकाणाप्रमाणे तेल बदलते, हे जायफळातही दिसते. इंडोनेशियातील जायफळाच्या तेलात मायरिस्टिसिन हे द्रव्य वेस्ट इंडीजमधील जायफळापेक्षा अधिक असते. झोपेसाठी दुधात उगाळलेला जायफळाचा एखादा वेढा वेगळा, आणि चमचाभर पूड वेगळी. एका जायफळाचे वजन साधारण ५ ग्रॅम भरते. तेवढे एकदम पोटात गेल्यास छातीत धडधड, मळमळ व भ्रम होऊ शकतो. वृद्ध व्यक्तीत असा भ्रम दिसला, तर तो वयाचा परिणाम समजून दुर्लक्षिला जाण्याचा धोका असतो.

घरी काय पाहावे?

बाजारात दालचिनी म्हणून बरेचदा कॅसिया ही तिची बहीण मिळते. तिची साल जाड, टणक व एकपदरी असते; खरी दालचिनी पातळ, ठिसूळ आणि अनेक पदरांची. कॅसियात कुमारिन बरेच असते व ते संवेदनशील व्यक्तींच्या यकृताला अपाय करू शकते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज ०.१ मिलिग्रॅम कुमारिन ही मर्यादा सांगितली आहे. स्वयंपाकातील चिमूटभर दालचिनीची चिंता नको. रोज चमचाभर पूड मात्र कोणाच्या सांगण्यावरून सुरू करू नये. यकृताचा विकार असल्यास, किंवा मधुमेहाची वा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

तेलाच्या बाबतीत अधिक सावधपणा हवा. बाटलीवर सालीचे की पानांचे तेल, हे लिहिले आहे का ते पाहावे. सालीचे तेल वयाने पातळ झालेल्या त्वचेची आग करते. म्हणून कोणतेही सुगंधी तेल थेट अंगाला लावू नये, पोटात घेऊ नये आणि नातवंडांच्या हाती लागू देऊ नये.

आजीच्या सहाणेवर जायफळाचे एक-दोन वेढेच पडत. माती, पाऊस व ऋतू यांनी बदलणाऱ्या द्रव्याशी वागण्याची ती रीत होती. बाटली उघडताना तेवढा जपून हात आपणही ठेवावा.