श्रीरामपूरच्या झहीर खानला कांगा लीगमध्ये उतरवणारे कोच: सुधीर नाईक

२ एप्रिल २०११. वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल सुरू होती. झहीर खानने पहिल्या ५ ओव्हरमध्ये ३ मेडन टाकल्या, फक्त ६ रन दिले आणि तरंगाची विकेट काढली. ही ओपनिंग स्पेल सगळ्यांच्या लक्षात आहे. पण ज्या पिचवर तो बॉलिंग करत होता, ते तयार करणारे क्युरेटर त्याचेच कोच होते, हे फार थोड्यांना माहिती आहे.

त्यांचं नाव सुधीर नाईक.

आधी नाईक स्वतः काय होते ते बघू. १९७०-७१ च्या सीझनला गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर असे मुंबईचे मोठे खेळाडू वेस्ट इंडिज दौऱ्यावर गेले होते. उरलेल्या टीमची कॅप्टन्सी नाईकांकडे आली आणि त्यांनी फायनलमध्ये महाराष्ट्राला हरवून रणजी ट्रॉफी जिंकली. भारताकडून मात्र त्यांना ३ टेस्ट आणि २ वनडेच मिळाल्या.

पुढे ते नॅशनल क्रिकेट क्लबचे कोच झाले. नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा डावखुरा झहीर मुंबईत आला तो १७ व्या वर्षी. नाईकांनी त्याला कांगा लीगमध्ये खेळायला उतरवलं.

आता कांगा लीगच का? तर ही लीग भर पावसाळ्यात होते. पिच ओली, हवा दमट, बॉल हलतो. बॉल स्विंग करणाऱ्या पोराला यापेक्षा चांगली शाळा नाही. शिवाय मुंबईच्या क्रिकेटमधली जाणकार मंडळी हे सामने बघत असतात. तालुक्याच्या गावात टॅलेंट असतं, पण ते कुणाच्या नजरेत येत नाही. नाईकांनी नेमकी हीच अडचण सोडवली.

तिथून चेन्नईचं एमआरएफ पेस फाउंडेशन, मग बडोद्याकडून रणजी आणि २००० साली टीम इंडिया. करिअरच्या शेवटी झहीरच्या नावावर ३११ टेस्ट विकेट होत्या. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट घेऊन तो शाहिद आफ्रिदीसोबत पहिल्या नंबरवर होता.

आणि नाईक? उतारवयात ते वानखेडेचं पिच सांभाळत राहिले, तेही एक रुपया न घेता. एप्रिल २०२३ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी ते गेले.

श्रीरामपूरसारख्या गावांत आजही जोरात बॉल टाकणारी पोरं आहेत. त्यांना योग्य वेळी योग्य मैदानावर नेणारा माणूस भेटतो का, यावर पुढचं सगळं ठरतं.