आठवड्याची सुटी विकत घ्यायची : कंपनीकडून की दुसऱ्याच्या हातची?



उसाचे बिल बँकेत जमा झाले की दाराशी माणसे यायला लागतात. पूर्वी ट्रॅक्टरवाले यायचे, विमावाले यायचे. आता फोन येतो : "साहेब, तुमचा नंबर लागलाय. जोडीने या, जेवण आमच्याकडे, वर भेटवस्तू!" आमच्या गटातले एक सभासद असेच मालकिणीला घेऊन कोल्हापूरला एका हॉटेलात गेले. टाय लावलेल्या पोराने दोन तास डोंगर-समुद्राची चित्रे दाखवली आणि शेवटी म्हणाला, "दरवर्षी एक आठवडा, पंचवीस वर्षे, फक्त चार लाख. पण आज सही केली तरच हा भाव." मालकीणबाई म्हणाल्या, "घरात विचारून सांगतो." त्या एका वाक्याने सही तेवढी टळली.

पुढे साडूने सांगितले, "कंपनीकडून कशाला? माझ्या ओळखीचे एक नोकरदार तीच मेंबरशिप लाखात विकतायत. बारा वर्षे शिल्लक आहेत." आता पेच पडला. ते गट ऑफिसात विचारायला आले, म्हणून हा लेख.

ही चीज काय आहे?

याला टाइमशेअर म्हणतात. युरोपात १९६० च्या दशकात ही पद्धत सुरू झाली, आपल्याकडे १९८० च्या दशकात आली. सामाईक विहिरीवर आपली जशी पाळी असते, तशी हॉटेलच्या खोलीवर आठवड्याची पाळी. फरक एवढाच की विहिरीतला हिस्सा सातबाऱ्यावर लागतो. इथे बहुधा फक्त राहण्याचा हक्क मिळतो; जागा कंपनीची ती कंपनीचीच. शिवाय पाणी घ्या न घ्या, पट्टी भरावीच लागते, तशी इथे वार्षिक देखभाल फी असते. आपण गेलो नाही तरी ती चुकत नाही, आणि ती वाढत जाते.

हिशेब मांडून बघू

समजा, करांसह नवी मेंबरशिप चार लाखांना आहे व वार्षिक फी १८,००० रुपये. चार लाख भागिले पंचवीस म्हणजे १६,०००. त्यात फी मिळवली की एका आठवड्याला ३४,००० रुपये पडले. जुनी एक लाखाला, नावावर करण्याचा खर्च वीस हजार, वर्षे बारा. म्हणजे वर्षाला १०,००० आणि फी १८,०००, एकूण २८,०००. जुनी स्वस्त पडली.

कंपनीच्या भावात ते फुकटचे जेवण, भेटवस्तू आणि विक्रेत्याचे कमिशनही असते. सही झाल्यावर तीच मेंबरशिप विकायला काढली तर ती रक्कम बहुधा परत येत नाही. म्हणून साडूचे म्हणणे खोटे नव्हते.

पण आणखी एक हिशेब राहिला. चार लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २८,००० व्याज येते. चार हजारांची खोली सहा रात्री घेतली तर २४,००० लागतात. मुद्दल जागच्या जागी राहते!

जुनी घ्यायचीच असेल तर

कारखान्याचा शेअर दुसऱ्याच्या नावे करायला संचालक मंडळाची मंजुरी लागते, तसेच इथेही. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, कंपनीकडून लेखी घ्या : किती वर्षे शिल्लक आहेत? फीची थकबाकी आहे का, आणि ती कोण भरणार? आठवडा कोणत्या हंगामातला? बदलून दुसऱ्या गावी जाण्याची सवलत नव्या धन्याला मिळते का? काही सवलती पहिल्या खरेदीदारापुरत्याच असतात. नाव लागल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि "तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी फी भरा" असा फोन आला, तर तो ठेवून द्या.

कंपनीकडून घेणाऱ्यांनी सही रद्द करण्याची मुदत करारात शोधावी. युरोपात १४ दिवसांची मुदत कायद्यानेच आहे. आपल्याकडे करारात असेल ती खरी. तोंडी आश्वासन कागदावर नसेल तर ते नाहीच असे समजा.

कुणी "खोली वापरू नका, पैसे वाढवून देतो" म्हणाला, तर तिथून उठा. खोल्यांच्या रात्री विकून सात हजार कोटींवर रक्कम गोळा केलेल्या पॅनकार्ड क्लब्जला सेबीने २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. आदेश निघाला तरी हातात पैसा येणे ही वेगळी गोष्ट, हे त्या ठेवीदारांना विचारा.

फसगत झालीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ या क्रमांकावर सल्लाही मिळतो.

आपल्या धंद्याचे काय?

या खोल्या कित्येक महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. दिवाळी-नाताळला सगळे तुटून पडतात, आणि नेमकी तेव्हाच आपली तोडणी असते. टोळी फडात आली की कुठले महाबळेश्वर? नोकरदाराला रजा ठरवता येते. आपली रजा चिटबॉय ठरवतो! दरसाल ठरल्या वेळी ज्यांचे जाणे होते, त्यांनी जुनीचा विचार जरूर करावा. बाकीच्यांनी भाड्याची खोली बरी.

आमच्या त्या सभासदांनी शेवटी दोन्ही नाकारल्या. मालकीणबाई मात्र अडून बसल्या : "वीस वर्षांत जोतिबा आणि पंढरपूर सोडून तुम्ही मला कुठं नेलंय? पैसे वाचले म्हणून जाणं रद्द करायचं नाही." मे महिन्यात दोघे तारकर्लीला भाड्याच्या खोलीत चार दिवस राहून आले. बाईंनी पहिल्यांदाच समुद्र पाहिला.

तेव्हा सही करताना हात आखडा, सुटी घेताना आखडू नका.