‘बारावी तर होऊ दे तिची!’

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या शटलमध्ये बसलात, की यवत सोडल्यावर खुटबाव लागतं आणि त्याच्या पुढचं स्टेशन केडगाव. याच केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. बालविधवा, दुष्काळात निराधार झालेल्या मुली तिथं आल्या, शिकल्या, कामाला लागल्या. त्याला सव्वाशे वर्षं झाली. म्हणजे बालविवाह आता फक्त इतिहासाच्या पुस्तकात असायला हवा होता ना?

तसं नाहीये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातल्या जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालं होतं. पाचातली एक!

कारणं तुम्ही घरीदारी ऐकलीच असतील. ‘स्थळ चांगलंय’, ‘कॉलेज लांब आहे’, ‘दिवस चांगले नाहीत’. आपल्या ऊसपट्ट्यात आणखी एक कारण दिसतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, म्हणून हंगामाआधी लग्न उरकलं जातं. फडात मोळी डोक्यावर घेऊन चाललेली ‘वहिनी’ कदाचित तुमच्या धाकट्या बहिणीएवढी असेल.

या वयात शरीर अजून वाढत असतं. त्यात रक्त कमी. याच पाहणीत १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आढळला. अशात दिवस गेले, तर बाळंतपण अडणं, रक्तदाब वाढून झटके येणं, बाळ कमी वजनाचं होणं, हे सगळे धोके वाढतात. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आठवतेय? मळमळतं म्हणून ती दप्तरातच राहते. ती जेवणानंतर घ्या आणि लगेच चहा पिऊ नका.

मग लग्न पुढं ढकलतं कोण? एकटा कायदा नाही. पैठण तालुक्यातल्या पाचोडला आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी किशोरींसाठी वर्ग सुरू केले. आठवड्यातले पाच दिवस, रोज एक तास, वर्षभर. शिकवायला गावातल्याच बाया. विषय आरोग्य, पाळी, कायदा, बचत, घरच्यांशी बोलायचं कसं. काही वर्षांत तिथल्या मुलींच्या लग्नाचं वय साधारण १६ वरून १७ वर गेलं. एकच वर्ष? हो, पण त्या वर्षात बारावी होते, हाडं भरतात, ‘नको’ म्हणायला तोंड फुटतं.

तुमच्या ओळखीत असं ठरत असेल, तर आधी घरात बोला. विशेषतः भावांनो, तुम्ही. ‘बारावी तर होऊ दे तिची’ हे वाक्य भावाच्या तोंडून आलं, की वडील एकदा तरी थांबतात. नाहीच ऐकलं, तर १०९८ वर फोन करा किंवा ग्रामसेवकांना सांगा. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी त्यांचीच आहे. तुमचं नाव बाहेर येऊ नये, असं फोनवर आधीच सांगा. आणि लक्षात असू द्या, अशा लग्नाला नुसतं हजर राहणं हासुद्धा गुन्हा आहे. लग्न होऊन गेलं असेल, तरी मुलीला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ते रद्द करून मागता येतं.

पुढच्या वेळी कुणाच्या हळदीचं निमंत्रण आलं, तर ‘मेन्यू काय?’ याआधी ‘नवरी कितवीला आहे?’ एवढं विचाराल ना?